पूर्ण बाह्यांचा शर्ट

सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. चिमटा वस्ताद कुरिअरवाल्याच्या मोटारसायकलशेजारी उकिडवा बसला होता, आणि त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. गॅरेजमध्ये त्याने उभ्या आयुष्यात असा शर्ट घातला नव्हता. तो बंडीवर काम करायचा. थंडी पडली की बंडीवर आणखी एक बंडी.

शर्ट राखाडी, खिशावर दुकानाचं नवं नाव शिवलेलं, मनगटाला दोन-दोन बटणं. धाकट्या भावाने असे शर्ट आदल्या दिवशी सगळ्यांना वाटले होते. उद्यापासून गॅरेज रस्त्यापलीकडच्या नव्या जागेत जाणार होतं. तिथे काचेचं दार होतं, गिऱ्हाइकांना बसायला बाक होता आणि आतल्या खोलीत स्टीलचं लांब टेबल होतं. त्या टेबलावर फक्त इंजिनं उघडायची. टेबलाशी कोण उभं राहणार हे धाकट्याने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. वस्तादने विचारलंही नव्हतं. "त्यात विचारायचं काय?" असं तो रात्री जेवताना बायकोला म्हणाला होता, आणि त्याच जेवणात आणखी दोनदा म्हणाला होता. आपली पान्यांची पेटी मात्र त्याने आधीच नेऊन त्या टेबलावर ठेवली होती.

"वस्ताद, गाडी हीट मारते," कुरिअरवाला म्हणाला. "काटा लालमध्ये. परवा तर वाफ यायला लागली. म्हटलं, आता पार्सलांसकट मीही उकडतो."

"चालत्यात तापते की उभ्यात?"

"मी चालवतो कुठे? दर दोन दारांना थांबा. पळवत तर कधीच नाही."

शेजारचा वेल्डर चहाचा ग्लास घेऊन येऊन उभा राहिला. त्याच्या दुकानात काम नसलं की तो इथेच असायचा, आणि काम असलं तरी बराच वेळ इथेच असायचा.

"आज एकदम साहेब," तो म्हणाला. "वहिनींना सकाळी ओळख पटली का?"

"तुझ्या बायकोला पटली," वस्ताद मान वर न करता म्हणाला. कुरिअरवाला हसला. धाकटा हसला नाही. तो शटरला टेकून हाताची घडी घालून उभा होता.

वस्तादची कामाची एक पद्धत होती आणि ती चांगली होती. त्याने आधी गाडीखालची फरशी पाहिली, ओल नव्हती. पाइपांच्या जोडांवर बोट न लावता नजर फिरवली. गळतीचा पांढरट डाग कुठेच नव्हता. इंजिन गार होतं, म्हणून रेडिएटरचं झाकण उघडलं. गरम इंजिनाचं झाकण उघडणारा माणूस एकदाच उघडतो, असं तो नव्या कामगारांना सांगायचा. आत कूलंट काठोकाठ, हिरवंगार, गंज नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल नव्हता. बॅटरीवरून थेट वायर लावून पंखा फिरवून बघितला, पंखा फिरला. मग झाकण घट्ट केलं आणि गाडी चालू करून ठेवली.

इथून पुढचं कळायला एवढं पुरे. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये एक छोटी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन गार असताना ती बंद राहते. पुरेसं तापलं की आपोआप उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे सोडते. रेडिएटर तापला की त्याच्या अंगावरचा स्विच पंखा चालू करतो. काटा लालमध्ये गेला आणि तरी पंखा फिरला नाही, की अशा वेळी दोन गोष्टी उरतात. रेडिएटर गरम असेल तर स्विच मेला. रेडिएटर गारच असेल तर झडप अडकली, पाणी तिथवर पोचलंच नाही. दोन्हींपैकी कोणती, हे ठरवायचं तर रेडिएटरला हात लावायचा.

वस्तादच्या हातांना काही कळत नव्हतं. ही गोष्ट बरीच जुनी होती. साखरेच्या आजाराने आधी पायांची बोटं गेली, म्हणजे होती तिथेच पण नसल्यासारखी, आणि मग हात. एके दिवशी तो एक झडप तपासत होता. ती तपासायची रीत साधी आहे: पातेल्यात पाणी उकळायचं, झडप आत टाकायची, उघडते का ते बघायचं. चिमटा हाताशी सापडला नाही. बोलता बोलता त्याने उकळत्या पाण्यात बोटं घातली आणि झडप उचलून फडक्यावर ठेवली. वेल्डर ओरडला. बसलेली दोन गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि वस्ताद हसला. बोटांकडे बघून त्याला काय कळायचं ते कळलं होतं, पण टाळी आधी वाजली होती. "चिमटा" हे नाव वेल्डरने त्याच दिवशी ठेवलं.

त्यानंतर लोक मुद्दाम बघायला यायचे. वस्ताद आधी हात थंड पाण्यात बुडवायचा, मग झटकन आत, झटकन बाहेर. घरी बायको मलम लावायची आणि फोड मोजायची. धाकटा पातेलं पुढे आणून ठेवायला लागला, कारण गिऱ्हाईक थांबायचं.

पण झडप उचलणं वेगळं आणि गरम-गार ओळखणं वेगळं. त्यावरचा तोडगा बायकोचा होता. वस्ताद अंघोळीला बसून पाठ भाजून घ्यायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, कोपराने बघत जा पाणी. तान्ह्या मुलाचं बघतात तसं." कोपराच्या आतल्या बाजूला अजून सगळं कळत होतं. वस्तादने ती युक्ती गॅरेजमध्ये आणली. चारचौघांसमोर तळवा रेडिएटरवर ठेवायचा, डोळे बारीक करायचे, आणि घाम पुसल्यासारखं करत डावं कोपर पाइपाला टेकवायचं. तळव्याचं नुसतं नाटक. कोपर काम करायचं. बंडीला बाह्या नसतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

धाकट्याला हे बायकोनेच सांगितलं. महिन्याभरापूर्वी वस्ताद एका गाडीच्या सायलेन्सरवर मनगट टेकवून गप्पा मारत बसला होता. वास आल्यावर वेल्डरने विचारलं, काय जळतंय रे. घरी बायकोने पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी दिराला एकट्याला गाठून तिने सगळं सांगितलं, कोपरासकट. "भाऊजी, त्यांना गरम कामापासून लांब ठेवा. पण मी सांगितलं म्हणू नका."

"बरं झालं वहिनी सांगितलंत," धाकटा म्हणाला. "मी बघतो."

त्याच आठवड्यात तो शिंप्याकडे शर्टांची मापं द्यायला गेला.

कुरिअरवाल्याची गाडीही काही आज पहिल्यांदा आली नव्हती. काल वस्ताद नव्या जागेत पेटी ठेवायला गेला, तेव्हा धाकट्याने तापमान मोजायचं यंत्र तिच्यावर धरून बघितलं होतं. इंजिन पेटलेलं, रेडिएटर गार. झडप अडकली होती. नवी झडप त्याच्या खिशात होती. तरी त्याने कुरिअरवाल्याला सांगितलं, "आज नको. उद्या सकाळी आण, दादा बघेल. मी बघितली म्हणून सांगू नकोस."

आता काटा चढत होता. वस्तादने डाव्या मनगटाचं बटण उजव्या अंगठ्याने ढकलून बघितलं. ते सकाळी बायकोने लावलं होतं. बोटांना बटण लागत नव्हतं, तर निघणार कुठून. त्याने बाही मांडीवर घासून वर सरकवायचा प्रयत्न केला. कापड नवं होतं, कडक. सरकेना.

"दादा, बाही खाली," धाकटा म्हणाला.

"तेल लागेल रे."

"लागू दे. उद्यापासून सगळ्यांनी असंच राहायचंय. सवय कर."

काटा लालमध्ये शिरला. पंखा फिरला नाही. वस्ताद पुढे वाकला आणि गाल रेडिएटरजवळ नेला. तोंडावर झळ आली. ती मागच्या इंजिनाची होती, पण झळेला नाव नसतं. त्याने उजवा तळवा रेडिएटरवर ठेवला आणि डोळे बारीक केले.

"तापलाय," तो म्हणाला. "स्विच गेलाय. बदलून टाकू."

"नक्की?"

"मग इतकी वर्षं मी काय इथे केस उन्हात पांढरे केले?"

"किती तापलाय?"

"चांगलाच. हात ठेववत नाही एवढा."

हात तिथेच होता, सपाट, पाची बोटं पसरून. कुरिअरवाल्याने त्या हाताकडे बघितलं आणि मग रस्त्याकडे बघितलं.

"ठेववत नाही, तर उचल की," धाकटा म्हणाला.

वस्तादने हात उचलला.

"वेल्डर, ये रे. तू लाव हात."

"मी नाही बाबा. मी काय चिमटा आहे?"

"लाव रे. काही होत नाही."

वेल्डरने एक बोट लावून काढून घेतलं. पुन्हा लावलं. मग अख्खा तळवा लावला. हातातला चहाचा ग्लास सीटवर ठेवला, खाली वाकला आणि रेडिएटरला गाल लावून डोळे मिटले. "अहाहा," तो म्हणाला. "वस्ताद, उशीला घेऊन जाऊ का घरी?"

कुरिअरवाला मोठ्याने हसला. समोर पंक्चर काढणारा काय झालं म्हणून बघायला आला, त्याला वेल्डरने पुन्हा करून दाखवलं, आणि तोही हसला. वेल्डरला तोवर यात काही वेगळं आहे हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं, वस्ताद चुकला. वस्ताद चुकणं हीच त्याच्यासाठी मोठी गंमत होती.

"झडप अडकलीय, दादा," धाकटा म्हणाला. "गार आहे सगळं. तुला कळत नाही. गरमही कळत नाही आणि गारही कळत नाही. कधीपासून कळत नाही, तेवढं सांग."

"कळतं मला."

"काय कळतं?"

"सगळं कळतं. पाइपात हवा असेल. मघाशी गरम होता."

"दादा, कोपराने बघतोस ना?"

वस्तादने त्याच्याकडे पाहिलं. कोपराचं जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्यानंतर त्याने जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. तो वळला आणि उजवा तळवा इंजिनावर, सिलिंडरच्या डोक्यावर ठेवला. काटा तेव्हा लालच्या टोकाला होता.

"हे गरम आहे," तो म्हणाला. "हे बघ. हे मला कळतंय."

धाकट्याच्या डाव्या तळव्यावर अंगठ्याच्या खाली कातडी गुळगुळीत आणि गुलाबी आहे, तिथे रेषा नाहीत. तो नवीन काम शिकत होता तेव्हाची. दादा त्याचा हात धरून चालू इंजिनावर ठेवायचा. म्हणायचा, हात ठेव, मी सांगेपर्यंत उचलायचा नाही, मेकॅनिकला हातानेच कळलं पाहिजे. आणि मोठ्याने आकडे मोजायचा. आई ओरडायची तर तिलाही म्हणायचा, तू मध्ये पडू नकोस, त्याला माणूस करतोय.

"एक," धाकटा म्हणाला. "दोन."

वस्ताद वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर, वेल्डरने नंतर सांगितलं, फोनवर पलीकडचा बोलेल म्हणून थांबलेल्या माणसासारखे भाव होते.

"तीन. चार. मी सांगेपर्यंत उचलायचा नाही. पाच."

वास आला. पंक्चरवाला निघून गेला. कुरिअरवाला म्हणाला, "अहो, बस करा," पण त्याने गाडी बंद केली नाही, आणि गाडी त्याची होती. आठाला वेल्डरने वस्तादचा दंड धरून हात ओढून काढला. कातडीचा थोडा भाग इंजिनावर राहिला.

"बघ," वस्ताद म्हणाला. "गरम होतं."

वेल्डरने त्याला नळाखाली नेलं. धाकट्याने गाडी बंद केली, निवायला सोडली, आणि निवल्यावर झडप काढली. पातेल्यात पाणी ठेवून ती उकळत्या पाण्यात सोडली. उघडली नाही. त्याने खालच्या खणातून चिमटा काढला, त्यावरची धूळ पुसली आणि झडप बाहेर काढली. खिशातली नवी बसवली, कूलंट भरलं, हवा काढली. गाडी चालू केली, रेडिएटर तापला, पंखा फिरला आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला. कुरिअरवाला जायला निघाला तेव्हा वस्ताद नळाशीच बसलेला होता.

"काळजी घ्या, वस्ताद," तो म्हणाला.

"स्विचही बदलून घे कधीतरी," वस्ताद म्हणाला. "जुना झालाय."

दुपारी घरी बायकोने पट्टी बांधली. दवाखान्यातून आणलेलं मलम, त्यावर जाळीचं कापड, त्यावर पट्टी. बोटांची टोकं तेवढी बाहेर. तिचा हात जड नव्हता, पण तिने हळू बांधायचा प्रयत्नही केला नाही, कारण हळू बांधून उपयोग नव्हता.

"तू सांगितलंस," वस्ताद म्हणाला.

"हो."

"कोपराचंही?"

"विचारलं भाऊजींनी, मग दादा काम चालवतो कसं. काय सांगू?"

"माझं टेबल गेलं."

"तुमचा हात गेला, त्याचं बोला."

"हाताचं कशाला बोलू? दुखत नाहीये."

तिने पट्टीचं टोक आत खोचलं. खोलीत एक पलंग, एक शिलाई मशीन आणि खिडकीत वाळत घातलेल्या दोन बंड्या होत्या. राखाडी शर्ट मशीनच्या खुर्चीवर टाकलेला होता, उजव्या मनगटाला ओल होती.

चारच्या सुमारास धाकटा आला. त्याने दारात चपला काढल्या, वहिनीने दिलेलं पाणी प्यायला, आणि पलंगाच्या कडेला भावापासून हातभर अंतरावर बसला.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"ओला करू नका म्हणाला," वहिनी म्हणाली. "महिना तरी."

"उद्या येतोस ना, दादा?"

वस्तादने मान वर केली. "टेबलाशी?"

"टेबलाशी मी. मला एक माणूस मिळालाय हाताखाली, परवापासून येईल. तुझी पेटी तिथेच राहू दे, पाने लागतील आम्हाला." धाकट्याने ग्लास खाली ठेवला. "तू पुढे बसायचं. काचेच्या दाराशी, बाकासमोर. शेगडी आणि पातेलं तिथे ठेवतो. लोक येतील, बघतील. तुझं नाव आहे. झडप टाकायची, काढायची. जुन्याच झडपा, त्याच त्याच. बाकी कशाला हात लावायचा नाही. गॅसलाही नाही, गॅस मी पेटवेन."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? लांब ठेवा म्हणाले होते ना?"

"लांबच ठेवतोय, वहिनी. इंजिनापासून."

"हात बांधलाय त्यांचा."

"उजवा बांधलाय. डावा आहे की."

वस्ताद डाव्या हाताकडे बघत होता. त्याने तो उलटा केला, सुलटा केला. मग विचारलं, "नाही आलो तर?"

"तर घरी बस. मी काय ओढून नेतोय?"

खोलीत बसायला दुसरी जागा नव्हती. मशीनची खुर्ची बायकोच्या कामाची होती. ती दिवसभर लोकांचे कपडे शिवायची, आणि पलंग तिच्या पाठीमागे होता. घरी बसायचं म्हणजे त्या पलंगावर बसून तिच्या पाठीकडे बघायचं.

"किती वाजता?" वस्तादने विचारलं.

"नेहमीच्या वेळेला. आणि शर्ट घाल. सगळे घालणार आहेत." धाकटा उठला. दाराकडे जाताना त्याने खुर्चीवरचा शर्ट उचलून बघितला. "वहिनी, याची डावी बाही कापून टाका. कोपराच्या वरपर्यंत. पाण्यात भिजेल नाहीतर, बरं दिसणार नाही. उजवी राहू दे, पट्टी झाकली जाईल."

"एकच कापू?"

"एकच."

तो गेल्यावर तिने मशीनजवळचा दिवा लावला. खडूने रेघ मारली, कात्रीने बाही कापली, कड आत दुमडून शिवली. कापलेला तुकडा बरा होता, बटणांसकट. तिने तो चिंध्यांच्या पिशवीत टाकला नाही, घडी करून बाजूला ठेवला. मग शर्ट नवऱ्याला घालून बघितला.

"कोपर मोकळं झालं," वस्ताद म्हणाला.

"हलू नका," ती म्हणाली. तिच्या तोंडात टाचणी होती.

नवं दुकान उद्या साडेनऊला उघडतं. त्या पातेल्यातलं पाणी उकळायला दहा मिनिटं लागतात, म्हणून धाकटा शेगडी नऊ वीसला पेटवेल. शर्टाची बटणं बायको घरून निघण्याआधी लावून देईल. उजव्या मनगटाला दोन, डाव्याला एकही नाही.